पाडव्याच्या रात्रीची रेघ आणि पाटणचं गणित

मागच्या आठवड्यात अंतराळातल्या कचऱ्यावर दोन ओळी टाकल्या, तर खाली एका मित्राने लिहिलं, "भाऊ, कापसाला भाव नाही, केळीवर करपा, आणि तुम्ही आभाळातला कचरा काय झाडताय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

२ एप्रिल २०२२. शनिवार, गुढीपाडवा. कोरोनाचे निर्बंध नुकतेच उठले होते, दोन वर्षांनी लोक मोकळ्याने रस्त्यावर आले होते. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास खान्देशातून विदर्भाकडे आभाळात जळत्या निखाऱ्यांची एक रांग सरकत गेली. जळगाव, बुलढाणा, अकोला, पलीकडे मध्य प्रदेशातलं बडवानी, झाबुआ, सगळीकडून मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले. धुळ्यात आमच्या गल्लीतल्या आजी गच्चीवरून विचारत होत्या, "हाई काय पडी ऱ्हायनं रे भो?" कुणी म्हणे उल्का, कुणी म्हणे विमान पेटलं, कुणी क्षेपणास्त्रापर्यंत पोचले. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर तिसरं महायुद्धही सुरू झालं होतं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक भलीमोठी रिंग पडली. आठ-दहा फूट व्यास, चाळीसेक किलो वजन. आजूबाजूच्या भागात धातूचे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल अशा पडणाऱ्या वस्तूंची नोंद ठेवतात. त्यांनी सांगितलं की हा चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेला. म्हणजे काम संपल्यावर वर्षभराहून जास्त काळ तो वर बेवारस फिरत होता आणि पाडव्याला आपल्या डोक्यावरून खाली आला.

घरातल्या मोठ्या माणसांना विचाराल तर त्यांना स्कायलॅब आठवेल. जुलै १९७९. अमेरिकेची ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा पडणार होती आणि कुठे पडणार ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. आमच्याकडे अजून सांगतात, त्या दिवसांत लोक शेतात जायला घाबरत, आणि "मरायचंच आहे तर गोडधोड खाऊन मरू" म्हणून कुणी कोंबड्या कापल्या तर कुणी पुरणपोळ्या केल्या. शेवटी ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरली. तिथल्या एस्परन्स गावच्या नगर परिषदेने नासाला रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड ठोठावला! थट्टाच होती ती. पण आपल्या एखाद्या ग्रामपंचायतीला हे सुचलं असतं का, असं वाटून जातं.

कुठे पडणार ते का सांगता येत नाही, ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं याच गोष्टीवर उभं आहे. खालच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला साडेसात किलोमीटर पळते. धुळे ते जळगाव नव्वद किलोमीटर, एसटीला दोन तास, तिला बारा सेकंद. वरची विरळ हवा तिला किंचित किंचित ओढत असते. सूर्य तापला, वादळं उठली की ती हवा फुगते आणि ओढ वाढते. त्यात वस्तू गडबडा लोळत असेल तर हिशेब आणखी बिघडतो. पडण्याच्या वेळेत दहा मिनिटांची चूक झाली तरी जागा साडेचार हजार किलोमीटरने चुकते. दिल्ली की दक्षिण समुद्र, एवढा तो फरक.

आता पडण्याचं सोडा, ते त्यातल्या त्यात कमी धोक्याचं. पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्र आणि रान आहे. खरं दुखणं वर आहे, जिथे हे तुकडे पडत नाहीत आणि फिरत राहतात.

नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पाले या दोघांनी १९७८ मध्येच एक शोधनिबंध लिहून इशारा दिला होता. वर वस्तू वाढत गेल्या तर त्या एकमेकांवर आदळतील, त्यातून तुकडे होतील, ते तुकडे आणखी कशावर तरी आदळतील, आणि एका टप्प्यानंतर माणसाने नवीन काही पाठवलं नाही तरी कचरा आपला आपणच वाढत जाईल. त्या वेळी लोकांना हे फार लांबचं वाटलं. १९९६ मध्ये फ्रान्सच्या 'सेरीज' नावाच्या छोट्या उपग्रहाचा दांडा तुटला, आणि तो तोडणारा तुकडा निघाला जुन्या एरियन रॉकेटचा, तोही युरोपचाच. घरचाच दगड घरच्याच काचेवर.

मग आली २००७ ची ११ जानेवारी. चीनने स्वतःचा जुना हवामान उपग्रह 'फेंगयुन-१ सी' क्षेपणास्त्राने फोडला. उंची सुमारे ८६५ किलोमीटर. मोजता येतील असे तीन हजारांवर तुकडे झाले. दोनच वर्षांनी, १० फेब्रुवारी २००९ ला, सायबेरियावर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू स्थितीतला 'इरिडियम ३३' आणि रशियाचा कधीच मेलेला 'कॉसमॉस २२५१' एकमेकांवर आदळले. दोन पूर्ण उपग्रहांची ही पहिली टक्कर. वेग सेकंदाला ११.७ किलोमीटर. त्या दिवशीच्या उपलब्ध आकडेमोडीप्रमाणे दोघे एकमेकांपासून ५८४ मीटर लांबून जायला हवे होते. धोक्याच्या यादीत त्या जोडीचं नाव वरच्या क्रमांकावरही नव्हतं.

ही दोन उंचीची नावं लक्षात ठेवा, ७९० आणि ८६५. कारण आपले 'रिसोर्ससॅट-२' (२०११) आणि 'रिसोर्ससॅट-२ ए' (२०१६) हे उपग्रह ज्या कक्षेसाठी सोडले ती सुमारे ८१७ किलोमीटरची. बरोबर त्या दोन स्फोटांच्या मधल्या फळीवर! आणि हे उपग्रह काय करतात? पिकं बघतात. देशातल्या पिकांचा आगाऊ अंदाज बांधायचा 'फसल' नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात कापूसही येतो. बागायती पिकांसाठी २०१४ साली 'चमन' सुरू झाला, त्यात केळी आहे. तेव्हा त्या मित्राला सांगतो, तू म्हणालास तो कापूस आणि ती केळी वरून मोजणारा डोळा या कचऱ्यातून वाट काढत फिरतो आहे. (टीव्हीवर ढगांची चित्रं दिसतात ते इन्सॅट फार वर, ३६ हजार किलोमीटरवर आहेत. तिथे गर्दी कमी, पण तिथला तुकडा हवेच्या ओढीने कधीच खाली येत नाही.)

इथपर्यंत वाचून "बघा, चीनने केलं, रशियाने केलं" असं म्हणणारे असतील. थांबा, आपलीही खातेवही उघडू.

२२ ऑक्टोबर २००१ ला श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३ उडालं. उड्डाण झकास झालं. पण वर राहिलेला शेवटचा टप्पा १९ डिसेंबरला फुटला, टाकीत उरलेल्या इंधनामुळे. साडेतीनशेच्या वर तुकडे झाले आणि त्यातले काही अजून वर आहेत. इस्रोने मात्र त्यातून धडा घेतला. पुढच्याच पीएसएलव्हीपासून काम झाल्यावर टप्प्यातलं उरलंसुरलं इंधन सोडून द्यायची पद्धत सुरू केली. साधी गोष्ट आहे, गॅस संपत आला तरी रेग्युलेटर बंद करायचा. पण ती नेमाने करावी लागते.

दुसरी नोंद २७ मार्च २०१९ ची, 'मिशन शक्ती'. लोकसभेची आचारसंहिता चालू असताना पंतप्रधानांनी टीव्हीवर येऊन घोषणा केली होती, ती आठवत असेल. आपण आपलाच ७४० किलोचा 'मायक्रोसॅट-आर' उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्यावर तेव्हा बाजूने आणि विरोधात इतकं बोललं गेलं की मधली गोष्ट हरवली. बाजूची गोष्ट खरी आहे, की मुद्दाम खालची, सुमारे २८० किलोमीटरची उंची निवडली होती, म्हणजे तुकडे लवकर जळून जावेत. डीआरडीओ प्रमुखांनी पंचेचाळीस दिवसांचा अंदाज दिला. पण फुटलेली वस्तू सगळीकडे उडते, वरच्या दिशेनेसुद्धा. नासाने तेव्हा सांगितलं की चोवीस तुकडे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या उंचीच्या वर गेले आहेत. नोंद असलेला शेवटचा तुकडा खाली यायला जून २०२२ उजाडलं. पंचेचाळीस दिवस कुठे आणि सव्वातीन वर्षं कुठे! चीनच्या २००७ च्या प्रकाराशी याची तुलना होत नाही, ते तुकडे पुढच्या पिढ्यांनाही पुरतील. तरी अंदाज चुकला तो चुकला. देशाचा अभिमान आणि आकड्याचा हिशेब वेगवेगळ्या खिशात ठेवावा, असं मला वाटतं.

आता टक्कर टाळतात कशी? इथे मला आपल्या चाळीसगावकडे यावंच लागतं.

इंजिनीअर दोन वस्तू जवळ येण्याला जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याचा मराठी शब्द आपल्या पंचांगात केव्हाचा आहे. युती. गुरू-शुक्राची युती, चंद्र-रोहिणीची युती. भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'त (११५०) ग्रहयुतीवर स्वतंत्र अधिकार आहे. दोन ग्रह पुढे-मागे चालताहेत, दोघांचे वेग वेगळे, तर ते एका रेषेत कधी येतील, तेव्हा त्यांच्यात दक्षिणोत्तर अंतर किती राहील. त्यासाठी नुसता दिवसाचा सरासरी वेग पुरत नाही, त्या क्षणाचा वेग लागतो, आणि भास्कराचार्यांनी त्या 'तात्कालिक गती'चा विचार केला होता. बेंगळुरूमध्ये आज संगणकावर चालतो तो प्रश्न जातीने हाच आहे. 'तेव्हा आपल्याकडे उपग्रह होते' असलं काही मी म्हणत नाहीये, कृपया तसं फॉरवर्ड करू नका. प्रश्नाचा आकार तोच आहे, एवढंच.

चाळीसगावपासून जवळ, गौताळ्याच्या डोंगरपायथ्याशी पाटण आहे, आपण पाटणादेवीला जातो ते. तिथे शके ११२८ च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या आसपासचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ स्थापला आणि इथल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवट जुन्या मराठीत. आणि त्या मराठी भागात काय आहे? हिशेब! गावच्या बाजारातल्या मालावर, तेलाच्या घाण्यावर मठाला काय मिळायचं त्याची तरतूद. राजाची स्तुती संस्कृतात, आणि पैसे कुठून येणार ते लोकांना कळेल अशा भाषेत. मला या लेखातलं हे सगळ्यात आवडतं. आठशे वर्षांपूर्वी खान्देशातला तेली आणि दुकानदार ग्रहगणिताच्या शाळेचा खर्च उचलत होता. भास्कराचार्यांचं विज्जलवीड नेमकं कुठलं, यावर विद्वान भांडोत. गणिताची शाळा पाटणला होती, हे दगडावर आहे.

जुन्या गणितात आणि आजच्यात एक मोठा फरक मात्र आहे. गुरू-शुक्र आपली वाट सोडत नाहीत. रॉकेटचा फुटका तुकडा नेमका कुठे आहे, हेच पक्कं माहीत नसतं. रडारने तो दिसतो तेव्हा त्याच्याभोवती चुकीचा एक फुगा धरून चालावं लागतं, आणि जसजसे दिवस पुढे जातात तसा फुगा मोठा होतो. अमेरिकी लष्कराची यंत्रणा सगळ्या जगाला इशारे पाठवते, की तुमचा अमुक उपग्रह आणि अमुक तुकडा अमुक वेळी जवळ येणार. इस्रो स्वतःच्या उपग्रहाची जागा जास्त नेमकी जाणते, म्हणून ती आकडेमोड पुन्हा करते. टकरीची शक्यता दहा हजारात एक याच्या आसपास गेली की मामला गंभीर धरतात. मग उपग्रहाला छोटासा धक्का देऊन वाट बदलायची. पण नवी वाट तिसऱ्याच कुणाच्या मार्गात येत नाही ना, हे आधी तपासायचं. शिवाय प्रत्येक धक्क्याला इंधन जातं, आणि इंधन म्हणजे त्या उपग्रहाचं आयुष्य. खोट्या इशाऱ्याला हललात तर वर्षं वाया, खऱ्याला हलला नाहीत तर सगळंच गेलं.

२०२२ मध्ये इस्रोने असे २१ धक्के दिले, २०२३ मध्ये २३. चंद्राभोवतीसुद्धा हे करावं लागलं. २० ऑक्टोबर २०२१ ला चांद्रयान-२ आणि नासाचं 'एलआरओ' चंद्राच्या ध्रुवाजवळ एकमेकांच्या फार जवळ येणार होते. दोघांनी चर्चा केली, कोण हलणार ते ठरवलं, आणि १८ तारखेला चांद्रयान हललं. 'दोघांनी ठरवलं' हे महत्त्वाचं. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोन माणसांसारखं दोघेही एकाच बाजूला सरकले तर? आणि ३० जुलै २०२३ ला पीएसएलव्ही-सी५६ एक मिनिट उशिरा उडालं, वाटेत कचरा येत होता म्हणून. आपल्या पॅसेंजरला दोन तास उशीर झाला तरी कारण कळत नाही, इथे एका मिनिटाचं कारण जाहीर झालं.

दुसऱ्याच्या डोळ्यांवर कायम विसंबून राहायचं नाही म्हणून २०१९ मध्ये 'नेत्र' प्रकल्प जाहीर झाला. आज श्रीहरिकोटाचं रडार ८०० किलोमीटरवरची फूटभर मापाची वस्तू पकडतं. त्याहून बारीक बघायला नवं रडार आसामात आणि दुर्बीण लडाखच्या हान्लेला अशी योजना आहे. आसामातल्या त्या गावाचं नावही चंद्रपूर आहे, गोंधळू नका. आणि ११ जुलै २०२२ ला बेंगळुरूला हे सगळं एका छताखाली आणणारं केंद्र सुरू झालं. तारीख बघितली? स्कायलॅब पडली तीच.

नुसतं चुकवून भागत नाही, आपला पसारा आपण उचलावा लागतो. 'मेघा-ट्रॉपिक्स' हा भारत-फ्रान्सचा हजार किलोचा उपग्रह ८६७ किलोमीटरवर होता. सोडून दिला असता तर शंभर वर्षं तिथेच राहिला असता. तशी सोय मुळात केलेली नसतानाही उरलेलं इंधन वापरून ७ मार्च २०२३ ला तो प्रशांत महासागरात पाडला. 'कार्टोसॅट-२' चं तेच, १४ फेब्रुवारी २०२४ ला. या कामाला टाळ्या पडत नाहीत, टीव्हीवर मोजणीही चालत नाही. पण मला उड्डाणाइतकाच याचा आनंद वाटला. २०३० पासून आपल्या सगळ्या मोहिमा कचरामुक्त करायचं लक्ष्य इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं आहे. सरकारी असोत की खाजगी. आता खाजगी कंपन्याही रॉकेट उडवायला लागल्या आहेत, त्यामुळे 'की खाजगी' हे दोन शब्द पुढे बघावे लागतील. कारण अंतराळ धोरण २०२३ मध्ये आलं, पण संसदेने केलेला कायदा अजून नाही. मसुदा २०१७ पासून पडून आहे.

कायद्याचं निघालंच आहे तर. १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर नुकसान केलं तर सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची, चूक कुणाची हा प्रश्नच नाही. भारत त्यात १९७९ पासून आहे. मात्र मागणी देशाने देशाकडे करायची, लाडबोरीच्या शेतकऱ्याने परस्पर बीजिंगला अर्ज करून उपयोग नाही. रशियाचा अणुभट्टी असलेला 'कॉसमॉस ९५४' १९७८ मध्ये कॅनडात पडला तेव्हा कॅनडाने साठ लाख डॉलर मागितले, मिळाले तीस लाख. आणि वर, कक्षेत, टक्कर झाली तर तिथे चूक सिद्ध करावी लागते. २००९ च्या टकरीत दोष कुणाचा, मेलेल्याचा की न हललेल्याचा?

आपणही कुणाच्या तरी दारात पडतोच. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोठं नळकांडं वाहून आलं. तिथल्या अंतराळ संस्थेने तपास करून सांगितलं, पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा. बिचारं पश्चिम ऑस्ट्रेलिया, स्कायलॅबही त्यांचीच आणि आमचं नळकांडंही त्यांचंच.

शेवटी एक कामाची गोष्ट. उद्या सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-शिरपूरकडे कुणाच्या शेतात असा गोळा किंवा पत्रा सापडला तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. इंधनाच्या टाकीत हायड्राझीन उरलेलं असू शकतं, ते विषारी असतं. फोटो काढा तो लांबून, आणि तलाठी किंवा पोलीस पाटलाला कळवा. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. टायटॅनियमला भाव चांगला येईल हे खरं, पण पडलेल्या तुकड्याची मालकी कायद्याने ज्याने सोडला त्या देशाकडेच राहते आणि त्याने मागितला तर परत द्यावा लागतो.